गुब्बिओच्या घाटातली बोटभर माती

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, इंजिनो डोंगराच्या पायथ्याशी, गुब्बिओ नावाचं तीसेक हजार वस्तीचं गाव आहे. पर्यटक इथे येतात ते जुन्या दगडी वास्तू बघायला. चौदाव्या शतकातला पालाझ्झो देई कोन्सोली हा टोलेजंग वाडा उतारावर उंच कमानींच्या आधाराने उभा आहे. त्यात काशाचे सात कोरीव पत्रे ठेवले आहेत. ते १४४४ साली सापडले. कोणत्या देवाला कोणता पशू द्यायचा, पक्ष्यांवरून कौल कसा घ्यायचा, असे ख्रिस्तपूर्व काळातले पूजाविधी त्यांवर उंब्रियन भाषेत लिहिले आहेत. या भाषेतला याहून मोठा मजकूर कुठेच मिळालेला नाही. दर १५ मे रोजी तीन संतांचे तीन जडशीळ लाकडी मनोरे खांद्यावर घेऊन गावकरी डोंगरमाथ्यावरच्या चर्चपर्यंत पळत सुटतात. मागच्याने पुढच्याला ओलांडायचं नसतं. उबाल्दो हे ग्रामदैवतच म्हणा ना, पहिला मान दरवर्षी त्यांचा. निकाल आधीच ठरलेल्या या शर्यतीसाठी अख्खा गाव जिवाचं रान करतो.

खरी गंमत मात्र वेशीबाहेर आहे. गाव सोडून बोत्ताच्चोने घळीच्या रस्त्याला लागलं की कडेला फिकट गुलाबी चुनखडकाचे तिरके थर दिसू लागतात. हा एके काळचा खोल समुद्राचा तळ. तिथे सूक्ष्म जीवांची कवचं आणि गाळ हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर या गतीने साचत गेला. पुढे भूकवचाच्या रेट्याने आपेनिनो पर्वतरांग वर आली, तेव्हा हा तळही वर उचलला गेला.

थरांच्या या चळतीत एका ठिकाणी सेंटिमीटरभर जाडीची चिकणमाती आहे. तिच्या खालच्या दगडाला भिंग लावलं तर वाळूच्या कणाएवढी, कप्पेदार कवचं दिसतात. हे फोरामिनिफेरा, म्हणजे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. मातीच्या वरच्या दगडात ती मोठी कवचं गायब आहेत. उरले आहेत ते अगदी बारके, मोजक्या जातींचे जीव. इझाबेला प्रेमोली सिल्व्हा यांच्यासारख्या जीवाश्मतज्ज्ञांनी या सीमेची जागा नक्की करून ठेवली होती. डायनोसॉर संपले तीच ही सीमा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. डायनोसॉरचं हाड मात्र या घळीत शोधू नये. हा समुद्रतळ होता.

अमेरिकन भूवैज्ञानिक वॉल्टर अल्वारेझ १९७०च्या दशकात इथे आले ते वेगळ्याच कामासाठी. गाळातले लोहयुक्त कण साचताना पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र अधूनमधून उलटतं, आणि त्या उलटापालटीची जवळजवळ सलग नोंद गुब्बिओच्या खडकात निघाली. ते करता करता अल्वारेझना मातीच्या पट्टीने गाठलं. एवढी माती साचायला किती काळ लागला असेल?

हा प्रश्न त्यांनी वडिलांपुढे ठेवला. वडील म्हणजे १९६८चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते लुईस अल्वारेझ. त्यांनी इरिडियम मोजायचं सुचवलं. भूकवचात हा धातू अत्यल्प असतो, कारण पृथ्वी तयार होताना तो लोखंडाबरोबर गाभ्यात उतरला. अंतराळातून सतत झिरपणाऱ्या धुळीत तो त्या मानाने भरपूर. माती सावकाश साचली असेल तर इरिडियम जास्त, झटपट साचली असेल तर कमी. साधा त्रैराशिकाचा हिशोब.

बर्कलीत फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी न्यूट्रॉनांचा मारा करून नमुने तपासले. इरिडियम निघालं आजूबाजूच्या चुनखडकाच्या जवळपास तीसपट! नेहमीच्या धुळीने एवढा साठा होणं शक्यच नव्हतं. जवळच्या ताऱ्याचा स्फोट झाला असावा, असा एक अंदाज होता. पण त्यासोबत यायला हवं ते प्लुटोनियम-२४४ सापडलं नाही. डेन्मार्क आणि न्यूझीलंडच्या थरांतही इरिडियमची तशीच उसळी दिसली. १९८०मध्ये चौघांनी मांडलं, की सुमारे १० किलोमीटर व्यासाचा अशनी पृथ्वीवर आदळला असावा आणि त्यातच डायनोसॉर संपले असावेत. त्याचं विवर मेक्सिकोत चिक्शुलूबला, जमिनीखाली दडलेलं, १९९१मध्ये जगापुढे आलं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की कुणीच डायनोसॉरच्या मागे लागलं नव्हतं. प्रश्न होता निव्वळ वेळेचा.

त्याच सुमारास दख्खनचा लाव्हा उसळत होता, त्यामुळे दुसरा संशयित आपल्या पायाखालीच आहे. बहुतेक संशोधकांचा कल आज अशनीकडे आहे. लाव्ह्यातून निघालेल्या वायूंनी किती हातभार लावला, यावर अजून खडाजंगी चालते. या वादात गुब्बिओची चुंबकीय नोंद कामी आली. दख्खनच्या खडकांची जुन्या पद्धतीने काढलेली वयं कोट्यवधी वर्षांत विखुरलेली होती. पण सह्याद्रीतले लाव्ह्याचे बहुतेक थर उलट्या चुंबकत्वाचे निघाले, आणि महाबळेश्वरच्या वरच्या थरांत ते सुलटं होतं. गुब्बिओची मातीही अशाच एका उलट्या कालखंडात साचलेली आहे. हा कालखंड सहा-सात लाख वर्षांचा. सह्याद्रीच्या लाव्ह्याचा मोठा हिस्सा तेवढ्या अवधीत बाहेर पडला, असं आज मानतात; अशनी आदळण्याआधीही, आणि नंतरही.