इंदूरचा मे महिना आणि अंगणातली टर्बो गाडी

माझ्या मामेभावाची सेकंडहँड घेतलेली दोन लिटर टर्बो पेट्रोल गाडी आहे, 230 हॉर्सपॉवरची, लोकमान्य नगरात मामाच्या अंगणात उभी असते. गेल्या मे महिन्यात ती एकदम मरगळली. म्हणजे चालत होती व्यवस्थित, आयडलला काही नाही, चौकातून उचलताना पण ठीक, पण बायपासवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठीला जो धक्का बसायचा तो गायब. भाऊ म्हणाला, "दादा, रिमॅपच करून टाकतो आता, स्टेज वन, म्हणजे पॉवरचं टेन्शनच नको." रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून जास्त पॉवर काढणं, स्टेज वन ही त्याची पहिली पायरी. मी म्हटलं अरे आधी आहे ती पॉवर कुठे गेली ते तर शोधू, मग नवीन आणू.

हे शोधायचं तर टर्बो नेमकं काय करतो ते डोक्यात पक्कं हवं, कारण टर्बो गाडीची निम्मी दुखणी हवेची असतात आणि उरलेली निम्मी उष्णतेची, आणि ही दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की एक सुटं करून बघता येत नाही.

इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारा पंप. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर फिरत असेल तर ते सेकंदाला साधारण 100 लिटर हवा आत घेतं. पेट्रोल कितीही ओतता येतं हो, पण ते जळायला हवा लागते, एक ग्रॅम पेट्रोलला जवळपास 14.7 ग्रॅम. म्हणजे पॉवर वाढवायची तर हवा वाढवा. मोठं इंजिन न लावता हे करायची युक्ती स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी यांना सुचली, 1905 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. सायलेंसरमधून जो गरम धूर वाया जातो त्यानेच एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग धुरातून निघून जातो, त्यातला थोडा परत मिळवायचा, एवढंच.

ऐकायला सोपं आहे पण तो पंखा बघा. तळहातावर मावेल असा, व्यास साधारण 5 सेंटीमीटर, आणि फिरतो मिनिटाला दीड लाख वेळा, कधी त्याच्याही वर. हिशोब केला तर त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला 390 मीटर पळतं, म्हणजे आवाजापेक्षा जोरात. एका बाजूला 900 अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मध्ये वीतभर सुद्धा अंतर नाही. हा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन पाइक्स पीक या साधारण 4,300 मीटर उंच डोंगरावर नेऊन टर्बो लावून चालवून बघितलं, कारण उंचावर हवा विरळ होते आणि विमानांचा दम तिथेच जायचा. टर्बोने तो परत आणला. आता आपलं इंदूर काही पाइक्स पीक नाही, पण आपण पठारावर आहोत, समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर. इथे हवेचा दाब 950 मिलीबारच्या आसपास असतो, मुंबईत 1,013. म्हणजे साध्या इंजिनाला इथे 6 टक्के हवा कमीच मिळते. टर्बोवाल्या गाडीला तसं जाणवत नाही कारण कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू टर्बोला सांगतो की मला अमुक इतका दाब पाहिजे, आणि टर्बो जरा जास्त फिरून तो देतो. पण जास्त फिरला की हवा जास्त तापते, हे लक्षात ठेवा, इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

सायकलचा पंप जोरात मारला की नळी हाताला चटका देते ना, तेच. हवा दाबली की तापते. मे महिन्यात दुपारी बाहेर 40 अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला तर अगदी आदर्श कॉम्प्रेसरमध्ये सुद्धा ती 108 अंशांपर्यंत जाते, आणि खऱ्या टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर 138 च्या आसपास. उकळत्या पाण्यापेक्षा गरम हवा! गरम हवा पसरते, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी, म्हणजे इतका खटाटोप करून जे भरलं त्यातलं बरंच उष्णतेने परत काढून घेतलं. म्हणून मध्ये इंटरकूलर असतो, रेडिएटरसारखीच जाळी, फक्त आत पाण्याऐवजी हवा. 138 ची हवा त्याने 55 वर आणली तर तेवढ्याच दाबात तिची घनता 25 टक्के वाढते. पंचवीस टक्के! कुठलंही सॉफ्टवेअर न बदलता. बंपरच्या मागे इंटरकूलरवर चिखल, माश्या, पॉलिथिन अडकलेलं असतं ते हलक्या पाण्याने धुणं हे मला टर्बो गाडीचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम वाटतं. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, बारीक पाती वाकतात.

आता आमचा शोध. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं ओबीडीचं छोटं डोंगल लावलं, मोबाईलवर आकडे बघत बायपासला एक चक्कर मारली. एरर कोड होता पी0299, म्हणजे अंडरबूस्ट, मागितला तेवढा दाब मिळत नाही. आणि आत जाणारी हवा 60 अंश, चालत्या गाडीत, हे जास्तच होतं. कॉलनीतल्या जुन्या मेकॅनिकला भावाने फोन केला तर त्याने न बघताच सांगितलं, "भिया, कहीं से हवा मार रही है." आणि त्याचं बरोबर होतं.

हवा मारते म्हणजे टर्बो आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) यांच्या मधल्या पाइपातून कुठेतरी गळते. यात गंमत अशी की आयडलला तिथे दाब नसतोच, म्हणून काही कळत नाही, गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. पाय दाबला की दाब वाढतो, भेग उघडते, हवा बाहेर. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, तो वेस्टगेट, म्हणजे धूर बाजूने सोडून देणारी झडप, आणखी बंद करतो, टर्बो आणखी जोरात फिरतो, हवा आणखी तापते, आणि तरी दाब भरत नाही. शिवाय ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो तिथे मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचतच नाही, पेट्रोल मात्र पूर्ण पडतं, मग मिश्रण दाट होतं, काळा धूर येतो, ॲव्हरेज पडतं. अशा गाडीवर रिमॅप केलं असतं तर? जास्त दाब मागितला असता, टर्बो त्याच्या मर्यादेपलीकडे फिरला असता, आणि खर्च लाखात गेला असता.

लीक शोधायचं घरचं साधन आम्ही बनवलं. सियागंजातून पीव्हीसीची एंड कॅप आणली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, टर्बोच्या तोंडाशी येणारा पाइप काढून तिथे ही कॅप क्लॅम्पने आवळली आणि कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरली, 8-10 पीएसआय, त्याच्या वर नाही. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारा पाइप आधी वेगळा करून बंद करायला लागतो, नाहीतर तोच दाब ऑइलच्या बाजूला जाऊन सील फाडेल. मग साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत भरून प्रत्येक जोडावर मारत गेलो. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लॅम्पच्या अगदी कडेला फेस यायला लागला, आधी बारीक बारीक, मग पिंगपाँगच्या चेंडूएवढा फुगा. होज काढून उलटा पिळला तेव्हा कुठे ती भेग दिसली, नखाएवढी लांब, आतून रबर ऑइलच्या वाफेने मऊ पडून फुगलेलं. बाहेरून हात फिरवला तर काहीच कळलं नसतं. नवीन होज, नवीन क्लॅम्प, आणि बायपासवर हवा 48 अंश. धक्का परत.

या 48 आणि 60 मधला फरक नुसता पॉवरचा नाहीये, नॉकिंगचा पण आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की ज्वाळा एका कडेपासून दुसरीकडे पसरत जायला पाहिजे. पण मिश्रण आधीच फार गरम आणि दाबलेलं असेल तर ज्वाळा पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं, दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात, खडखड आवाज येतो, तोच नॉक. ब्लॉकवर एक पिझो क्रिस्टलचा सेन्सर बोल्टने बसवलेला असतो, तो 6-7 हजार हर्ट्झचा हा आवाज ऐकतो आणि ईसीयू लगेच ठिणगी उशिरा पाडायला लागतो. इंजिन वाचतं पण पॉवर जाते. म्हणून तीच गाडी जानेवारीत वाघ आणि मे महिन्यात गाय वाटते, आणि लोक म्हणतात पेट्रोलमध्ये भेसळ आहे.

पेट्रोलचं विचाराल तर ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉकला दाद न देण्याची क्षमता. ज्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर 95 लिहिलंय तिला 95 च द्या, उन्हाळ्यात तर नक्कीच. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून खूप वाद ऐकतो मी, त्यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. इथेनॉलचं ऑक्टेन 108 च्या आसपास, आणि त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं म्हणून सिलिंडर आतून थंड होतो, हे टर्बोला मानवतं. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणून ॲव्हरेज कमी होणारच, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नसतील तर ते बघत राहायला पाहिजे.

ऑइलवर मी सगळ्यात हट्टी आहे. तो दीड लाख फेऱ्यांचा दांडा बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंगवर नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, केसाच्या जाडीहून बारीक फटीत. भेरूघाट चढून आलात आणि लगेच चावी बंद केलीत तर ऑइल पंप थांबतो, पण टर्बोचं लोखंड लालबुंद असतं, ती उष्णता दांड्यातून बेअरिंगकडे येते आणि तिथे अडकलेलं ऑइल करपून काळा कोळसा होतो. कढईत फोडणी करपते तसं. म्हणून शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवत या. ऑइल फुल सिंथेटिक, आणि कंपनी 15,000 किलोमीटर म्हणत असली तरी आपल्या उन्हात आणि विजय नगरच्या ट्रॅफिकमध्ये मी 7-8 हजारांवरच बदलतो. डब्यावर एपीआय एसपी लिहिलंय का बघा, 2020 पासून आलेला दर्जा आहे, छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं त्या त्रासाची चाचणी त्यात आहे. त्याच कारणाने पाचव्या गिअरमध्ये 1,300 आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका, गिअर खाली टाका.

स्पार्क प्लग घरी बदलता येतात, फक्त इंजिन थंड असू दे, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरमीत चटकन जातात, आणि गोटी पान्याने अंदाजे आवळू नका, टॉर्क रेंच आणा. गाडीखाली जायचं तर घोडी, म्हणजे गाडी पेलणारा स्टँड, लावल्याशिवाय नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी हात घातलेला दिसला तर मी ओरडतो, मोठा असो की लहान.

आणि ब्रेक. दीड टनाची गाडी 100 च्या स्पीडवरून थांबवायला जी उष्णता निघते तिने पावणेदोन लिटर पाणी उकळेल, आणि 140 वरून थांबवलं तर त्याच्या दुप्पट. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, नवं डॉट 4 कमीत कमी 230 अंशांपर्यंत उकळत नाही पण ओल धरलेलं 155 ला उकळू शकतं, मग घाट उतरताना पेडल थेट जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला. पॉवर वाढवायचा विचार त्याच्या आधी करूच नका.

रिमॅपचं म्हणाल तर भाऊ अजून विचार करतोय. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आहे, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येणार नाही जो आरसीतल्या नोंदीशी जुळत नाही, आणि इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हेच बघतात. शिवाय त्या पॉवरला मोकळी जागा कुठे आहे? पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक आहे, 2021 मध्ये सुरू झाला, पण तो गाड्यांच्या टेस्टिंगसाठी आहे, आपल्या रविवारसाठी नाही. बायपासवर ट्रॅक्टर आडवा येतो.

होज बदलल्यावर त्या रात्री सिमरोलपर्यंत जाऊन आलो. अंगणात गाडी लावून चावी काढली तरी बॉनेटखालून घरघर चालूच होती. मामी दारात येऊन म्हणाली, "अरे, चालूच राहिली का रे ती?" भावाने तिला बॉनेट उघडून दाखवलं. इंजिन बंद झाल्यावर सुद्धा एक छोटा इलेक्ट्रिक पंप टर्बोभोवती कूलंट फिरवत राहतो, ऑइल करपू नये म्हणून. मामी हात लांबून धरून त्या धगीकडे बघत उभी राहिली, सात-आठ मिनिटांनी पंप थांबला, तेव्हा आत गेली.