एनजीसी १३६५

दक्षिण खगोलातील अश्मंत (फॉरनॅक्स) तारकासमूहातील एक दंडयुक्त सर्पिल दीर्घिका. आकाशातील स्थान : विषुवांश ३ तास ३३.६ मिनिटे, क्रांती दक्षिण ३६° ८′. दृश्य प्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) सुमारे १०. आकाशातील विस्तार अदमासे ११ × ६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). प्रत्यक्ष व्यास सुमारे २ लाख प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या आकाशगंगेपेक्षा बराच जास्त. मधल्या सरळ दंडाच्या दोन्ही टोकांपासून एकेक ठसठशीत भुजा निघते. या जातीच्या दीर्घिकांत इतकी रेखीव रचना क्वचितच आढळते, म्हणून तिला ‘महादंडयुक्त सर्पिल दीर्घिका’ असेही म्हटले जाते.

शोधाचे श्रेय जेम्स डनलॉप यांना दिले जाते. न्यू साउथ वेल्समधील पॅरामाटा येथून त्यांनी १८२६ मध्ये तिची नोंद केली आणि १८२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२९ ज्योतींच्या (आकाशात धूसर दिसणाऱ्या वस्तूंच्या) यादीत ती समाविष्ट केली. पुढे केप ऑफ गुड होप येथून वेध घेणाऱ्या जॉन हर्शेल यांना त्या यादीतील निम्म्याहून अधिक ज्योती सापडल्या नाहीत, त्यामुळे डनलॉप यांच्या कामाविषयी दीर्घकाळ शंका घेतली गेली. प्रस्तुत दीर्घिकेची नोंद मात्र निर्विवाद आहे. सध्याचा क्रमांक खगोलशास्त्रज्ञ ड्रायर यांच्या १८८८ च्या ‘न्यू जनरल कॅटलॉग’ (एनजीसी) या सूचीतील आहे.

अंतर : या दीर्घिकेविषयी संशोधकांत जे मतभेद आहेत, त्यांतला मुख्य मुद्दा हाच. ती सेकंदाला सुमारे १,६४० किमी. वेगाने दूर जात आहे. पण ती ज्यात मोडते त्या अश्मंत समूहासारख्या दीर्घिका-समूहातील सदस्यांना स्वतःचे शेकडो किमी. प्रतिसेकंद वेग असतात, त्यामुळे ताम्रसृतीवरून (दूर जाणाऱ्या वस्तूचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकण्यावरून) काढलेले अंतर येथे भरवशाचे नाही. हबल अवकाश दूरदर्शकाच्या अंतरमापन प्रकल्पात १९९० च्या दशकात या दीर्घिकेत सुमारे ५० सेफीड रूपविकारी तारे (ठरावीक आवर्तकालाने तेज बदलणारे तारे; आवर्तकालावरून त्यांची मूळ तेजस्विता कळते) ओळखण्यात आले. त्यांच्या प्रकाशबदलाच्या आवर्तकालावरून अंतर जवळपास ६ कोटी प्रकाशवर्षे आले. अनेक ठिकाणी ५.६ कोटी हा आकडा दिलेला आढळतो. तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या कमाल दीप्तीवर आधारलेली नंतरची स्वतंत्र मोजणी मात्र ५.९ कोटींच्या आसपास येते. दोन वेगळ्या पद्धतींचा असा मेळ बसत असल्याने ५.६ कोटींऐवजी ६ कोटींच्या जवळचा मोठा आकडा ग्राह्य धरणे इष्ट.

खरा मतभेद त्यापुढचा आहे. सेफीडांवरून मिळालेले अंतर संपूर्ण अश्मंत समूहाचे अंतर म्हणून वापरण्यात आले आणि त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग, म्हणजे हबल स्थिरांक, काढण्यात आला. हे तेव्हाच योग्य, जेव्हा ही दीर्घिका समूहाच्या गाभ्याइतक्याच अंतरावर असेल. समूहातील इतर दीर्घिकांत दिसलेल्या पहिल्या (अ) प्रकारच्या अतिनवताऱ्यांच्या (जवळपास सारखीच कमाल तेजस्विता असलेल्या तारकास्फोटांच्या) तेजस्वितेशी तुलना करून काही संशोधकांनी ती गाभ्याच्या अलीकडे असावी असे सुचवले. गाभ्यातील विवृत्ताकार दीर्घिकांच्या पृष्ठतेजातील चढउतारांवरून (दीर्घिका जितकी दूर तितके हे कमी दिसतात) गाभ्याचे अंतर सुमारे ६.५ कोटी प्रकाशवर्षे येते, त्यामुळे या मताला बळ मिळते. ती समूहाची सदस्य आहे, पण आपल्याकडच्या बाजूला आहे, असे म्हणणे आज अधिक सयुक्तिक वाटते. ऑक्टोबर २०१२ मध्ये याच दीर्घिकेत पहिल्या (अ) प्रकारचा अतिनवतारा (२०१२एफआर) दिसला. सेफीड आणि असा अतिनवतारा एकाच दीर्घिकेत मिळाल्याने अतिनवताऱ्यांची मूळ तेजस्विता ठरवण्यासाठी तिचा थेट उपयोग होऊ लागला आणि समूहाच्या अंतराचा आधार घेण्याची गरज उरली नाही. यापूर्वीचे १९८३व्ही आणि २००१डीयू हे अतिनवतारे हौशी निरीक्षक रॉबर्ट इव्हान्स यांनी शोधले होते.

दंड : दंडाचे एक परिभ्रमण सुमारे ३५ कोटी वर्षांत होते, असा वायुप्रवाहाच्या संगणकीय प्रतिमानांवरून अंदाज आहे. दंडाच्या पुढच्या कडेने धुळीचे काळे पट्टे आत गेलेले छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. तेथे वायूला धक्का बसतो, त्याचा कोनीय संवेग (केंद्राभोवती फिरण्याचा जोर) कमी होतो आणि तो केंद्राकडे घसरतो. केंद्राभोवती साचलेल्या या वायूतून नवे तारे व भरगच्च तारकागुच्छ जन्माला येत आहेत. दाट धुळीमागे दडलेले असे अनेक गुच्छ जेम्स वेब दूरदर्शकाच्या अवरक्त प्रतिमांमुळे उघड झाले. मोठ्या दंडाच्या आत दुसरा छोटा दंड असल्याचे काहींचे मत आहे. इतरांच्या मते ती केवळ तिरपी दिसणारी तबकडी होय.

केंद्रक : ही सायफर्ट प्रकारची, म्हणजे अतितेजस्वी केंद्रक असलेली, सक्रिय दीर्घिका आहे. केंद्रस्थानी सूर्याच्या सुमारे २० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर असावे. त्याच्या परिसरातून येणारे क्ष-किरण काही दिवसांतच झाकले जातात व पुन्हा उघडे पडतात. चंद्रा या क्ष-किरण वेध घेणाऱ्या उपग्रहाने एप्रिल २००६ मध्ये दोन-दोन दिवसांच्या अंतराने केलेल्या वेधांत वायूचा एक दाट ढग उद्‌गमासमोरून सरकताना सापडला. हे ग्रहण किती काळ टिकले यावरून क्ष-किरणे देणाऱ्या तप्त तबकडीचा व्यास पृथ्वी-सूर्य अंतराच्या फार तर सातपट निघाला. इतक्या दूरच्या आणि इतक्या लहान वस्तूचे मापन केवळ सावलीवरून व्हावे, ही या दीर्घिकेच्या अभ्यासातील सर्वांत देखणी कामगिरी म्हणावी लागेल.

केंद्रकाच्या वर्णपटातील लोहाची क्ष-किरण रेषा पसरट का दिसते, यावर दोन पक्ष आहेत. एका पक्षानुसार ती कृष्णविवरालगतच्या तबकडीवरून परावर्तित होते आणि तीव्र गुरुत्वामुळे विकृत होते. दुसऱ्या पक्षानुसार मधल्या वायूच्या शोषणामुळे तिचा तसा भास होतो. नुस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण उपग्रहांनी २०१२ मध्ये एकत्र घेतलेल्या वेधांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचा मेळ केवळ शोषणाने बसत नाही, असे त्यांत आढळले आणि कृष्णविवराची फिरकी (स्वतःभोवती फिरण्याचा वेग) सापेक्षतासिद्धांताने घातलेल्या कमाल मर्यादेच्या किमान ८४ टक्के असल्याचे अनुमान काढण्यात आले. हे अनुमान परावर्तनाच्या प्रतिमानावर अवलंबून आहे. मात्र पुराव्याचा कल त्या बाजूने आहे.

रेडिओ वेध : उदासीन (विद्युतभाररहित) हायड्रोजनच्या वेधांत बाहेरच्या भागातील भ्रमणवेग घटत जाताना दिसतो, जे सर्पिल दीर्घिकांत विरळ आहे. तबकडीची कड बाकलेली असावी, असे याचे एक स्पष्टीकरण दिले गेले आहे.