खाच एक, कार्डं दोन: जुन्या लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डांची पार्श्वभूमी

लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत बसणारी ही कार्डं मुळात नेटवर्कसाठी नव्हतीच. १९८९ मध्ये निर्मात्यांची संघटना उभी राहिली ती मेमरी कार्डांचं मानक ठरवायला. १९९० च्या पहिल्या आवृत्तीत ६८ पिना आणि कार्डाचा आकार ठरला. मोडेम, इथरनेट (तारेचं जाळं) यांची सोय १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत झाली. त्याआधी प्रिंटरच्या पोर्टला अडॅप्टर लटकवून काम भागवावं लागे. भागायचं, इतकंच.

खरा घोळ नावाचा आहे. संघटनेच्या नावाची आद्याक्षरं, पीसीएमसीआयए, हेच कार्डाचं नाव होऊन बसलं. ते लक्षात राहत नाही म्हणून संघटनेनं ‘पीसी कार्ड’ हे सोपं नाव पुढे केलं, पण लोकांच्या तोंडी जुनंच राहिलं. इथवर ठीक होतं. १९९५ मध्ये त्याच पीसी कार्डाच्या मानकात कार्डबस आलं. बाहेरून माप तेच, पिना ६८ च, आतला मामला मात्र वेगळा. जुनं कार्ड १६ बिटी आणि आयसा बसच्या, म्हणजे संगणकातल्या जुन्या, संथ माहितीवाटेच्या, वळणाचं. कार्डबस ३२ बिटी, पीसीआय या पुढच्या, वेगवान बसच्या वळणाचं, ३३ मेगाहर्ट्झवर आणि ३.३ व्होल्टवर चालणारं. जुनं कार्ड नव्या खाचेत चालतं, नवं जुन्या खाचेत जात नाही. चुकून घुसू नये म्हणून कडेची खोबण बदलली आणि पिनांच्या बाजूला बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी दिली. खबरदारी चांगलीच होती. पण ती कार्ड हातात आल्यावर कळते. खोक्यावर आणि आज विक्रीच्या जाहिरातींत दोन्हींना सर्रास ‘पीसीएमसीआयए’च म्हणतात. दोन पिढ्यांना एकच आकार देणं समजण्यासारखं आहे, एकाच नावाखाली ठेवणं नाही. ४८६ (जुन्या इंटेल प्रोसेसरचे) लॅपटॉप जपणाऱ्यांना त्याची किंमत अजून मोजावी लागते. त्यात ‘१०/१००’ छापलेली १६ बिटी कार्डंही निघाली. ती १०० मेगाबिटच्या जाळ्याला जोडली जात, पण तेवढा वेग जुन्या बसला पेलवत नसे.

तारेच्या कार्डांचं आणखी एक दुखणं म्हणजे शेपटी. ५ मिलिमीटर जाडीच्या कार्डात इथरनेटचं सॉकेट मावत नाही, म्हणून छोटी केबल वेगळी मिळायची. तिची जोडणी प्रत्येक कंपनीची निराळी. कार्ड धडधाकट आणि शेपटी गायब, अशी कार्डं आज ढिगानं सापडतात.

१९९९ मध्ये ८०२.११बी हे वायरलेसचं (वाय-फायचं) मानक आलं आणि खाचेला दुसरं आयुष्य मिळालं. ११ मेगाबिटला १६ बिट पुरत असल्यानं सुरुवातीची बरीच वायरलेस कार्डं जुन्या खाचेतही चालत. ५४ मेगाबिटचं ८०२.११जी २००३ मध्ये मंजूर झालं, त्याची कार्डं मात्र मुख्यतः कार्डबसची. आता अडचण वेगाची नाही, कुलपाची, म्हणजे जाळ्याच्या सुरक्षेची आहे. जुन्या कार्डांना फक्त वेप हे पहिलं कुलूप ठाऊक होतं आणि ते २००१ मध्येच फोडलं गेलं. काहींना फर्मवेअर (कार्डातलं सॉफ्टवेअर) बदलून डब्ल्यूपीए हे पुढचं कुलूप देता आलं, पण त्याहून पुढच्या डब्ल्यूपीए२ चं एईएस हे कूटलेखन त्यांतल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं. त्यामुळे १६ बिटी खाचेसाठी तारेचं १० मेगाबिटचं कार्डच मला जास्त भरवशाचं वाटतं, शेपटीसकट मिळालं तर.

२००३ मध्येच वायरलेस लॅपटॉपच्या पोटात, मिनी पीसीआय या आतल्या छोट्या खाचेत, सर्रास दिसू लागलं आणि खाचेची वारसदार म्हणून एक्सप्रेसकार्डही जाहीर झालं. पण काही निर्मात्यांनी बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मंजूर कार्डांची यादी घातली. यादीबाहेरचं मिनी पीसीआय कार्ड बसवलं की यंत्र सुरूच होत नसे. अशा लॅपटॉपांना बाजूच्या खाचेचाच आधार उरला, कारण तिथल्या कार्डाला बायोस काही विचारत नव्हता.