केंद्र उभं राहतं, पण चालवतं कोण? नाशिकच्या जलशुद्धीकरणाची पार्श्वभूमी

नाशिकचा सिंहस्थ ऐन पावसाळ्यात येतो. २०१५ मधली शाहीस्नानं २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला झाली. २०२७ च्या पर्वण्याही ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आहेत. म्हणजे शहरात सर्वांत जास्त माणसं असतात, तेव्हाच गोदावरीला लालसर गढूळ पाणी असतं. अशा वेळी जलशुद्धीकरण केंद्रावर रात्रपाळीला कोण आहे आणि त्याला काय शिकवलंय, याला धरणातल्या साठ्याइतकंच महत्त्व येतं. सिंहस्थाच्या आराखड्यांवर बोलताना जलवाहिन्या, टाक्या, नवी केंद्रं यांचीच चर्चा होते. या माणसाचा विषय निघत नाही. ही सवय जुनी आहे.

नाशिकची नगरपालिका १८६४ ची. त्या काळात पिण्याचं पाणी नदीचं किंवा विहिरीचं, आणि पावसाळ्यात घरोघरी हंड्यात तुरटी फिरवायची. १८७० च्या सुमारास कलकत्त्याजवळ पलता इथे मंद वाळू गाळण्या सुरू झाल्या. या गाळणीत पाणी सावकाश झिरपतं, वाळूच्या वरच्या थरात जिवाणूंची साय धरते आणि तीच बरंचसं काम करते. काही आठवड्यांनी वरचा थर खरवडला की झालं. पण एका चौरस मीटरमधून तासाला जेमतेम शे-दोनशे लिटर पाणी मिळतं, आणि वाढत्या शहरांना ते पुरेना. मग जलद वाळू गाळणी आली. तिच्यात तेवढ्याच जागेतून तासाला साधारण पाच हजार लिटर पाणी निघतं. मात्र ती एकटी चालत नाही. आधी तुरटी अचूक पडावी लागते, गाळ नीट बसावा लागतो, गाळणी वरचेवर उलट्या प्रवाहाने धुवावी लागते आणि शेवटी क्लोरीन द्यावा लागतो. वेग वाढला, तशी पाळीवरच्या माणसाची जबाबदारीही वाढली. ऑपरेटरच्या प्रशिक्षणाची गरज इथूनच सुरू होते.

तुरटी किती टाकायची, हे जार टेस्टने ठरतं. सहा बीकरमध्ये एकेक लिटर कच्चं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीची मात्रा थोडीथोडी वाढवायची, मिनिटभर जोरात आणि मग पंधरा-वीस मिनिटं हळू ढवळायचं, आणि थांबायचं. ज्या बीकरमध्ये कमीत कमी तुरटीत गुठळ्या झरझर खाली बसतात आणि वरचं पाणी नितळ दिसतं, ती त्या वेळची मात्रा. हिवाळ्यात ती दिवसचे दिवस बदलत नाही. जून-जुलैत मात्र धरणाच्या वर जोराचा पाऊस झाला की सकाळची मात्रा दुपारी चालत नाही. चाचणी टाळून अंदाजाने तुरटी किंवा पीएसी (तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन) सोडली, तर कमी पडल्यास गढूळपणा थेट गाळणीवर येतो. जास्त झाल्यास पाण्याचा सामू (पीएच) घसरतो, न बसलेल्या गुठळ्या पुढे वाहतात आणि पैसाही जातो. धुलाईचंही तसंच आहे. ती अर्धवट राहिली की वाळूत चिखलाचे गोळे होतात, थराला भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून न गाळताच खाली उतरतं. वरून बघणाऱ्याला गाळणी चालू दिसते. धुलाईचं पाणी कितव्या मिनिटाला निवळतं यावर नजर ठेवणारा ऑपरेटरच हा बिघाड वेळेत पकडतो.

आता नाशिकचं वेगळेपण बघा. दिंडोरी रोडवरची मेरी, म्हणजे राज्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ ची. अभियंत्यांच्या प्रशिक्षणाचं महाविद्यालय १९६४ चं, तेच पुढे मेटा (महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी) झालं. १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ आलं आणि १९९७ मध्ये त्याचं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झालं. प्राधिकरणाची प्रशिक्षण व संशोधन प्रबोधिनी, म्हणजे ‘मित्रा’, हीसुद्धा नाशिकमध्येच. पाण्याच्या अभियांत्रिकीत इतकं बळ राज्यातल्या फार थोड्या शहरांना मिळालंय. पण यातला मोठा भाग अभियंत्यांसाठी होता. केंद्रावरचा माणूस बहुतेक ठिकाणी मदतनीस म्हणून लागला आणि जुन्या माणसाचं बघून शिकला. देशपातळीवरही हेच दिसतं: पाणीपुरवठ्याच्या आखणीची केंद्रीय नियमपुस्तिका १९६० च्या दशकातली, तर चालवणं आणि देखभाल यांवरची स्वतंत्र पुस्तिका २००५ ची. मधल्या चाळीसेक वर्षांत देशभर केंद्रं उभी राहत होती.

१९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि शहर पसरत गेलं. बारा बंगला, शिवाजीनगर, पंचवटी, नीलगिरी बाग, गांधीनगर, नाशिकरोड ही केंद्रं आणि अलीकडे मुकणे धरणाच्या पाण्यावरचं विल्होळी. प्रत्येकाचं वय वेगळं, यंत्रं वेगळी. सगळ्यांत अवघड पाणी नाशिकरोडजवळच्या चेहेडी उपसा केंद्राचं. तिथे दारणा नदीचं पाणी उचलतात, पण तिला मिळणारी वालदेवी नदी सांडपाणी घेऊन येते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की दुर्गंधीच्या तक्रारी येतात आणि उपसा थांबवण्याचीही वेळ आली आहे. अशा पाण्यातला अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो. नेहमीचा डोस दिला तर नळापर्यंत काहीच शिल्लक राहत नाही. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. म्हणून गंगापूर धरणाच्या पाण्यावर तयार झालेल्या चांगल्या ऑपरेटरनेसुद्धा चेहेडीच्या पाण्याला हात घालण्याआधी वेगळं शिकायला हवं.

खेड्यांत गोष्टी थोड्या आधी हलल्या. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायला आणि पाण्यात उरलेला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करायला शिकला. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आल्यावर गावोगावच्या महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण मिळालं. शहरात मात्र वेगळाच प्रश्न उभा आहे. आता निविदेतच बांधणीबरोबर काही वर्षांचं परिचालन ठेकेदाराकडे देण्याची पद्धत रुळली आहे, आणि जुनी कायम माणसं निवृत्त होत आहेत. मुदत संपली की ठेकेदाराची शिकलेली माणसं त्याच्याबरोबर जातात. केंद्र ताब्यात घेताना पंप आणि पॅनेलची यादी तपासली जाते. त्याच यादीत निदान दोन पावसाळ्यांच्या जार टेस्टच्या नोंदी, प्रत्येक गाळणीच्या धुलाईचा तक्ता आणि त्या केंद्रावर एक पूर्ण पावसाळा काढलेले महापालिकेचे स्वतःचे ऑपरेटर असलेच पाहिजेत. ‘मित्रा’ याच शहरात आहे, आणि २०२७ च्या पर्वण्यांआधी या माणसांना तिथे बसवणं सहज शक्य आहे.