कुत्र्याच्या छत्रीचा कुत्र्याशी संबंध नाही

कुत्रा जिथे मुततो तिथे 'कुत्र्याची छत्री' उगवते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागेत, उकिरड्यावर, बांधावरच्या कुजक्या ओंडक्यावर पहिल्या पावसानंतर पांढऱ्या छत्र्या दिसल्या की आजही कुणीतरी हेच सांगतं. ते खरं नाही.

छत्री हे बुरशीचं फक्त फळ. झाड म्हणावं असं जे काही आहे ते जमिनीखाली असतं: केसाहूनही बारीक, पांढऱ्या तंतूंचं जाळं, म्हणजे कवकजाल. जुन्या शेणखताचा ढेपसा फोडून बघा, बऱ्याचदा कापसाच्या धाग्यांसारखं काहीतरी दिसेल. प्रत्येक तंतू टोकाशी वाढतो, फाटे फोडतो, पाचकरस बाहेर सोडून पालापाचोळा विरघळवतो आणि मग तो शोषतो. म्हणजे आधी पचवतो, नंतर खातो! अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलात एकाच बुरशीचं जाळं सुमारे ९ चौरस किलोमीटर पसरलेलं आहे.

मग छत्री एका रात्रीत कशी येते? तिची बारीक कळी जाळ्यावर आधीच तयार असते. पाऊस पडला की ती पाणी ओढून फुगते. छत्रीखालच्या पापुद्र्यांतून लाखो बीजाणू वाऱ्यावर उडतात आणि ओल मिळेल तिथे रुजतात. जाळं मात्र जागेवरच राहतं, म्हणूनच छत्री उपटली तरी पुढच्या पावसाळ्यात ती बऱ्याचदा तिथेच हजर.

वारुळावरच्या आळंबीची गोष्ट तर फार सुंदर आहे. तिचं जाळं वाळवी स्वतः आत जोपासते.

एक कळकळीची विनंती: ओळख पक्की नसेल तर कुठलीही छत्री खाऊ नका. लसूण किंवा चांदी काळी पडते का, यावरून विष कळत नाही.