चंद्राची लाडकी रोहिणी आणि राहूचा हिशेब

पंचवटीतल्या एका बारशाला मुलीचं नाव रोहिणी ठेवायचं ठरलं होतं. पणजीचं नाव, शिवाय मुलगी रोहिणी नक्षत्रावरच जन्मलेली, त्यामुळे घरात आनंद होता. मग पंचांग उघडलं आणि बेत फिसकटला. नावरसाच्या कोष्टकात रोहिणीच्या चार चरणांना ओ, वा, वी, वू ही अक्षरं आहेत. 'रो' गेलंय स्वातीच्या वाट्याला. म्हणजे रोहिणीवर जन्मलेल्या मुलीला रोहिणी म्हणायचं नाही! ज्या कोष्टकाला नक्षत्राचं स्वतःचं नाव सांभाळता येत नाही, त्याच्यावर लेकीचं नाव सोपवू नये. पत्रिकेतलं अक्षर बाळाचं काहीही ठरवत नाही. आकाशातली रोहिणी मात्र खरी आहे, आणि तिची गोष्ट त्या कोष्टकापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

रोहिणी म्हणजे तांबूस वर्णाची. 'रोहित' म्हणजे लाल, त्याचंच हे स्त्रीलिंगी रूप. वेदकाळात तांबड्या गाईलाही रोहिणी म्हणत. बलरामाची आई रोहिणी. धर्मशास्त्रांत 'अष्टवर्षा भवेद् गौरी, नववर्षा तु रोहिणी' असंही येतं, आणि नऊ वर्षांच्या पोरीला बोहल्यावर चढवायला या वचनाचा आधार घेतला जाई. इतक्या गोड नावाला चिकटलेला हा डाग विसरू नये. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीत हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. नृत्यात रोहिणी भाटे, रंगभूमीवर आणि पडद्यावर रोहिणी हट्टंगडी, बुद्धिबळात रोहिणी खाडिलकर, कणभौतिकीत पुण्याच्या रोहिणी गोडबोले. भारताने स्वतःच्या रॉकेटने कक्षेत सोडलेला पहिला उपग्रहही रोहिणीच: 18 जुलै 1980, श्रीहरिकोटा, एसएलव्ही-3, वजन 35 किलो. आता बारशांत दोन अक्षरी, सुटसुटीत नावांची चलती आहे आणि रोहिणी क्वचित कानावर पडते. फॅशन फिरते तशी नावंही फिरतात. मला ते मागे पडल्याचं वाईट वाटतं.

तारा ओळखायला सोपा आहे. मृगाच्या पोटातले तीन तारे जोडणारी रेघ एका बाजूला वाढवली की व्याध येतो, दुसऱ्या बाजूला नारिंगी रोहिणी. नाशिकचा अक्षांश साधारण 20 अंश उत्तर आणि रोहिणी आकाशातल्या विषुववृत्ताच्या 16.5 अंश उत्तरेला. त्यामुळे जानेवारीच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास ती आपल्या जवळजवळ डोक्यावर येते, खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट माथ्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम साडेतीन अंशांवर. गंगापूर रोडच्या झगमगाटातूनही दिसते. शहराबाहेर अंजनेरीकडे गेलात तर रंग आणखी खुलतो. हा रंग तापमानामुळे येतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,800 केल्विन, तर रोहिणीचा 3,900 च्या आसपास. गाभ्यातलं हायड्रोजन इंधन संपून फुगलेला हा तांबडा राक्षसी तारा आहे, आपल्यापासून सुमारे 65 प्रकाशवर्षं दूर. तिच्याभोवतीचा ताऱ्यांचा गाड्यासारखा 'रोहिणी शकट' तर निव्वळ दृष्टिभ्रम आहे. ते तारे दीडशे प्रकाशवर्षांवर आहेत. रोहिणी मधल्या वाटेत उभी आहे.

आता पुराणातली कथा. दक्षाच्या 27 मुली, म्हणजे 27 नक्षत्रं, चंद्राला दिल्या, पण तो रमला एकट्या रोहिणीत. बाकीच्या बापाकडे रडत गेल्या, दक्षाने शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. चंद्र तर प्रत्येक नक्षत्रात सरासरी एकेक दिवसच असतो, मग हा पक्षपात कुठून आला? जुन्या निरीक्षकांनी काय पाहिलं असेल, याचा एक अंदाज मला फार आवडतो. त्यासाठी चंद्राची वाट समजून घ्यावी लागेल.

सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या वर्तुळावरून सरकताना दिसतो, ते क्रांतिवृत्त. चंद्राची वाट त्याच्याशी सुमारे 5.1 अंशांनी कललेली आहे. सारख्याच मापाच्या दोन बांगड्या एकमेकींत किंचित तिरक्या अडकवल्या, तर त्या समोरासमोरच्या दोन जागी छेदतील. चंद्र ज्या छेदबिंदूवर दक्षिणेकडून उत्तरेला जातो तो राहू, आणि उत्तरेकडून दक्षिणेला येतो तो केतू. हेच ते राहू-केतू! ते ग्रह नाहीत, तिथे दगडसुद्धा नाही. ज्यांच्या शांतीसाठी लोक पैसे मोजतात, ते भूमितीतले दोन बिंदू आहेत. पण खगोलशास्त्रात त्यांचं काम मोठं आहे. या बिंदूंपासून 90 अंश पुढे गेलं की चंद्र क्रांतिवृत्तापासून सर्वांत दूर असतो, एका बाजूला पाच अंश उत्तरेला, दुसऱ्या बाजूला पाच अंश दक्षिणेला.

रोहिणी क्रांतिवृत्ताच्या सुमारे 5.5 अंश दक्षिणेला आहे. म्हणजे चंद्राच्या वाटेचं सर्वांत दक्षिणेकडचं टोक नेमकं रोहिणीपाशी आलं, तरच भेट. आणि हे टोक एका जागी राहत नाही. सूर्याच्या ओढीमुळे चंद्राची कक्षा हळूहळू वळत राहते, राहू दर वर्षी सुमारे 19 अंश उलट दिशेने सरकतो आणि 18.6 वर्षांत चक्कर पुरी करतो. त्याच्याबरोबर ते दक्षिण टोकही 18.6 वर्षांतून एकदाच रोहिणीपाशी येतं.

पण 5.1 आणि 5.5 मध्ये फरक उरतोच. तो भरून निघतो पृथ्वीमुळे. चंद्र फक्त 3,84,000 किलोमीटरवर आहे, म्हणून पृथ्वीच्या निरनिराळ्या ठिकाणांहून तो ताऱ्यांसमोर निरनिराळ्या जागी दिसतो. हा फरक जवळजवळ अंशभर होऊ शकतो. उत्तरेकडच्या माणसाला चंद्र थोडा दक्षिणेला सरकलेला दिसतो, त्यात चंद्रबिंबाची पाव अंशाची त्रिज्या मिळवा, आणि बिंब रोहिणीला झाकतं. म्हणूनच हा योग मुख्यतः उत्तर गोलार्धातून दिसतो. अशा भेटींची मालिका असते, तिच्या सुरुवातीला आणि शेवटी तर अगदी उत्तरेकडच्या मुलखातूनच. चंद्राने तारा असा झाकण्याला पिधान म्हणतात. एकदा मालिका सुरू झाली की साडेतीन वर्षं दर 27.3 दिवसांनी पृथ्वीवर कुठे ना कुठे रोहिणी चंद्राआड जाते. 29 जानेवारी 2015 ते 3 सप्टेंबर 2018 या काळात अशी सलग 49 पिधानं झाली.

पहिल्या प्रतीच्या, म्हणजे सर्वांत तेजस्वी गटातल्या, ताऱ्यांपैकी चंद्र फक्त चौघांना झाकू शकतो: रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा. त्यांत सहसा सर्वांत तेजस्वी दिसते रोहिणी. महिन्यामागून महिने हा झळझळीत तारा चंद्राला बिलगताना पाहणाऱ्यांनी लाडक्या राणीची कथा रचली असेल, असं मला मनापासून वाटतं. मग मालिका संपते आणि चंद्र तिच्यापासून दूर जाऊ लागतो. आता तेच चाललंय. 2023 पासून तो जवळच्या कृत्तिका तारकापुंजावरून जातोय, 2029 पर्यंत जात राहील. रोहिणीपासून मात्र दहा-साडेदहा अंशांपर्यंत लांब. कृत्तिकाही त्या 27 जणींतलीच.

पिधानाने विज्ञानाला बरंच दिलं आहे. चंद्राला नाव घेण्याजोगं वातावरण नाही, त्यामुळे तारा मंदावत जात नाही, चटकन विझतो. पण अतिजलद उपकरणाने मोजलं, तर रोहिणीचं विझणं क्षणिक नसतं, त्याला सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग लागतो. चंद्र ताऱ्यांमधून सेकंदाला साधारण 0.55 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) सरकतो; त्यावरून तिची कोनीय रुंदी येते विकलेचा सुमारे पन्नासावा भाग, आणि अंतर माहीत असल्याने खरा व्यास: सूर्याच्या सुमारे 44 पट. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने 1718 मध्ये तारे स्थिर नसतात हे जाहीर केलं, तेव्हा व्याध आणि स्वातीबरोबर त्याने रोहिणीचंही नाव घेतलं. इ.स. 509 मध्ये अथेन्सहून दिसलेल्या तिच्या पिधानाची जुनी नोंद त्याच्यासमोर होती.

नाशिककडचा शेतकरी मेअखेरीच्या 'रोहिणीच्या पावसा'बद्दल बोलतो, तेव्हा त्या नक्षत्रात सूर्य असतो आणि तारा उजेडात बुडालेला असतो. पाहायचं तर थंडीत. त्रिपुरी पौर्णिमेला रामकुंडावर दिवे सोडले की त्यानंतरच्या एक-दोन रात्री, किंवा दत्तजयंतीच्या आदल्या रात्री वर बघा. हात लांब करून मूठ धरा; मुठीची रुंदी साधारण दहा अंश. चंद्र आणि रोहिणी यांच्यात किती मुठी मावतात ते दर वर्षी लिहून ठेवा आणि मुलांनाही मोजायला लावा. चंद्र रोहिणीच्या अगदी शेजारून जातो त्या रात्रीचं अंतर सध्या एका मुठीच्या आसपास आहे. येत्या वर्षांत ते कमी होत जाईल आणि 2033 मध्ये पिधानांची पुढची मालिका सुरू होईल.