टिनाच्या घरातील वाय-फाय आणि अनेक अँटेना

विदर्भातील गावांत फायबरची जोडणी आता काही घरांतही आली आहे. पण ओसरीत उत्तम चालणारे वाय-फाय माजघरात रखडते आणि मोबाइल वीतभर सरकवताच पुन्हा सुरळीत होते. याचे कारण असे की, राउटरकडून निघालेली लहर थेट येते, तशीच टिनाच्या पत्र्यावरून, लोखंडी कपाटावरून आणि धान्याच्या कोठीवरून परावर्तित होऊनही येते. या लहरी एकमेकींशी जुळल्या तर संकेत बळावतो, विरुद्ध पडल्या तर मावळतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असल्याने सबळ आणि दुर्बळ जागांत काही बोटांचेच अंतर असते.

दोन अँटेना सुमारे ६ सेंटिमीटर अंतरावर बसवल्या, तर दोन्ही एकाच वेळी दुर्बळ जागी सापडण्याची शक्यता बरीच घटते. हा झाला साधा लाभ. खरी करामत पुढे आहे. राउटरच्या दोन अँटेना एकाच वारंवारतेवर वेगवेगळी माहिती पाठवतात. मोबाइलच्या दोन अँटेनांना तिचे दोन वेगळे मिश्रण मिळते, आणि दहावीच्या बीजगणितातील एकसामयिक समीकरणे सोडवावीत तशी ती माहिती वेगळी काढली जाते. या तंत्राचे मूलभूत पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि पुण्यात जन्मलेले, तेथेच अभियांत्रिकी शिकलेले थॉमस कैलाथ यांना १९९४ मध्ये मिळाले. २००९ च्या ८०२.११एन मानकाने ते वाय-फायमध्ये आणले: २० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एका प्रवाहाचा (एकाच वेळी जाणाऱ्या अशा वेगवेगळ्या माहितीपैकी एकीचा) कमाल वेग सेकंदाला ७२ मेगाबिट, तर दोन प्रवाहांचा १४४. अर्थात हे कागदावरचे आकडे आहेत.

गंमत अशी की, समीकरणे सुटण्यासाठी ती पुरेशी वेगळी असावी लागतात, आणि हा वेगळेपणा परावर्तनांतूनच येतो. मोकळ्या वावरात परावर्तने नगण्य असल्याने दोन्ही समीकरणे जवळपास सारखीच होतात व दुसऱ्या प्रवाहाचा फारसा उपयोग उरत नाही. ज्या टिनाला आपण दोष देतो, तेच घरात कामी येते.

मात्र शोषली गेलेली ऊर्जा कितीही अँटेना लावल्या तरी परत मिळत नाही. पावसाळ्यात ओल धरलेली जाड मातीची भिंत किंवा उन्हाळ्यात मध्येच उभा असलेला पाण्याने भरलेला कूलर संकेत गिळतो. अशा वेळी राउटर उंचावर, कूलरच्या आड येणार नाही असा ठेवावा, आणि दांडीसारख्या अँटेना टोकाच्या दिशेने नव्हे तर दांडीशी काटकोनात प्रसारण करत असल्याने त्या माजघराकडे रोखू नयेत; एक उभी व एक आडवी ठेवणे बरे. एवढ्याने भागले नाही, तर माजघरापर्यंत केबल ओढून तेथे दुसरा राउटर बसवणे अधिक महागड्या राउटरपेक्षा उपयुक्त ठरते.